निळ्या पट्टीची कलमं

चाकूरजवळ आमची द्राक्षाच्या रोपांची नर्सरी आहे. नर्सरी म्हणजे फार मोठं काही समजू नका. विहिरीच्या बाजूला हिरवी जाळी ताणलेली, खाली काळ्या पिशव्यांत ओळीनं रोपं, एका कोपऱ्यात सिमेंटची टाकी आणि टाकीपलीकडे मी लावलेले रानटी द्राक्षाचे वेल. त्या वेलांच्या काड्या कापायच्या, टाकीत भिजवायच्या, पिशवीत लावायच्या. मुळं धरून काडी पेन्सिलीएवढी जाड झाली की तिचा शेंडा उडवून त्यावर गोड द्राक्षाची काडी बांधायची. खालच्या रानटी काडीला आम्ही खुंट म्हणतो. आमच्याकडच्या खारट पाण्याचं त्याला काही वाटत नाही, म्हणून तो खाली लागतो.

हे काम मी सोलापूरकडे शिकलो. लग्नाआधी पाच-सहा हंगाम तिकडच्या कलम बांधणाऱ्या टोळीत होतो. टोळीत मी बरा होतो, पहिल्या तिघांत कधी नव्हतो. चाकूरला परत आलो तेव्हा मात्र मला तोड नव्हती, कारण इकडे कलम बांधणारं दुसरं कुणी नव्हतंच. लोक मोटारसायकल थांबवून माझे हात बघत उभे राहायचे. मला ते फार आवडायचं.

बायको मुखेड तालुक्यातली. तूर, ज्वारी, उडीद हे तिच्या घरचं रान. द्राक्षाचा वेल तिनं लग्नानंतर पाहिला. पहिली दोन वर्षं ती पिशव्या भरायची, पाणी घालायची. एका श्रावणात सोलापूरकडून माझ्या जोडीला येणारा माणूस आलाच नाही आणि रोपं बांधायला आलेली. मी तिला म्हणालो, "बस इथं, शिकवतो."

खुंट मधोमध उभा चिरायचा. वरच्या काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप देऊन पाचर करायची. पाचर चिरेत बसवायची, सालीला साल भिडली पाहिजे, मग प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मी प्रत्येक बाजूला ब्लेड दोनदा फिरवायचो, टोळीत तसंच शिकलो होतो. तिनं तीन कलमं होईस्तोवर बघितलं, चौथ्याला काडी हातात घेतली आणि एका बाजूला एकदाच ब्लेड फिरवलं. काप आरशासारखा निघाला.

"असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. तुम्ही दुसऱ्या बारीला फिरवता तवा तिथं खरबडीत होऊन राहिलंय. म्हणून म्हनलं, एकदाच फिरवावं."

तीन आठवड्यांनी डोळे फुटायला लागले. माझ्या ओळीत नेहमीसारखं पाचांतलं एक मेलेलं. तिच्या ओळीत मी वाळकी काडी शोधत फिरलो. दोन सापडल्या. ती पाठीमागून आली आणि म्हणाली, "माझी दोन गेली की हो." तिला खरंच वाईट वाटत होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यावर जळालो, आणि हे जळणंच आहे हे मला त्याच दिवशी कळलंही होतं.

पुढच्या हंगामात मी काय काय केलं ते सांगतो. चांगल्या, रसरशीत काड्या मी माझ्याकडे ठेवायचो आणि तिच्या पाटीत बुडाकडच्या जून काड्या टाकायचो. नवीन ब्लेडचं पाकीट आलं की आधी मी उघडायचो. तरीही तिची कलमं लागायची. मग मी पट्ट्यांचा रंग वेगळा केला. तिला निळी पट्टी, मला पांढरी. तिला सांगितलं की हिशोब ठेवायला बरं पडतं. खरं म्हणजे मला वाटायचं, कधीतरी निळ्यातली जास्त मरतील आणि ते लांबून दिसेल. झालं उलटंच. गिऱ्हाइकांना रंग पाठ झाला. जाळीच्या आत शिरताशिरताच लोक म्हणायला लागले, "निळ्या पट्टीची द्या."

एकदा लातूरला बायकांच्या बचत गटांसाठी शिबिर होतं. कलम दाखवायला तिला बोलावलं. मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. आत शंभरेक बायका आणि मधे टेबलापाशी ती, डोक्यावरचा पदर नीट करत, सावकाश सांगत होती. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. चहाच्या वेळी एका बाईनं मला विचारलं, "भाऊ, तुम्ही पण कलम बांधता का?"

मी हो म्हणालो. बाई म्हणाली, "ताईंनी शिकवलं असेल न्हाई?"

परत येताना आष्टामोडपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. बायकोनं विचारलं, डोकं दुखतंय का. मी म्हणालो, हो.

त्याच्या पुढच्या माघात शिरूर अनंतपाळचे एक किराणा दुकानदार आले. वयानं मोठे, कपाळाला विभूती, बोलायला अगदी मऊ. दुकान पोरांकडे सोपवून त्यांना एक एकर द्राक्ष लावायची होती. त्यांनी सगळी नर्सरी फिरून पाहिली आणि मला म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. पण सगळी वहिनीच्या हातचीच द्या."

"दोन्ही सारखीच हायेत, मामा."

"असतील. मन घेतंय ते घेतो."

निळी सगळी त्यांच्या टेम्पोत चढली. माझी पांढरी राहिली ती मी विहिरीच्या वरच्या तुकड्यात आमच्यासाठीच लावली. बायको म्हणाली, बरं झालं, आपली पण बाग होईल. मला मात्र त्या तुकड्याकडे बघितलं की उरलेला माल दिसायचा.

वर्षभर काही झालं नाही. पुढच्या चैत्रात एके दुपारी मामांचा फोन आला. बायको तेव्हा दळण आणायला गेली होती. "भाऊ, वेल बसायलेत हो. पानं ल्हान ल्हान निघायलीत. काही तर नुसतेच वाळून चाललेत. जरा येऊन बघता का?"

"येतो," मी म्हणालो. "वहिनीला काही बोलू नका, तिला उगीच घोर लागेल."

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यानं मी गाणं गुणगुणत गेलो. हे मला स्पष्ट आठवतं.

बागेत गेलो. तारेपर्यंत चढलेले वेल मधेच थांबलेले होते. काहींची पानं रुपयाएवढी, कडा जळाल्यासारख्या. काहींचा एक हात, म्हणजे एका बाजूची फांदी, हिरवा तर दुसरा वाळलेला. मी एक वेल धरून ओढला तर तो जवळजवळ काही जोर न लावता वर आला, मुळं काळपट पडलेली. मी जोड बघितला. चांगली भरलेली, गुळगुळीत गाठ होती, कुठं फट नाही. मला कलमातलं एवढं तरी कळतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं असंल?"

मी म्हणालो, "हात चुकला तिचा. पाचर खोल बसत न्हाई तिची. मी लई बारी सांगितलं."

मामा वेलाकडे बघत म्हणाले, "वहिनीचा हात? असं वाटलं नव्हतं." मग त्यांनी मला ऊन फार आहे म्हणून ताक दिलं.

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "किती गेली?"

"निम्मी. अजून जातील."

"जोडातून वाळली का?"

"हो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, भाजून होऊ दिली, दुरडीत ठेवली. मग हात धुऊन आपलं ब्लेड आणि निळ्या पट्टीची गुंडाळी एका फडक्यात बांधली आणि शिवणाच्या डब्यात टाकली. म्हणाली, "माझ्या हातानं कुणाची बाग जायला नको." दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा पिशव्या भरायला बसली.

त्या श्रावणात सगळी कलमं मी बांधली. गिऱ्हाईक विचारायचं, वहिनी कुठं? मी सांगायचो, तिनं सोडलं आता, डोळ्याला त्रास होतो. लोक पुन्हा माझ्याभोवती उभे राहायला लागले. महिना-दीड महिना मी खरोखर सुखात होतो. ती समोरच माती चाळत बसायची आणि मी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं लोकांना पाचर समजावून सांगायचो.

विहिरीच्या वरच्या तुकड्यातले माझे वेलही तोवर बसायला लागले होते. तशीच लहान पानं, तसाच एक हात वाळलेला. मी स्वतःला सांगितलं की तिथं मुरूम वर आहे, पाणी टिकत नाही. बायको एकदा म्हणाली, "मामाच्या बागेसारखंच दिसून राहिलंय हे." मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं." हे मी तिला म्हणालो.

भाद्रपदात मामांचा पुन्हा फोन आला. त्यांच्या पुतण्यानं सांगितलं होतं की लातूरला कृषी कॉलेजात रोपं तपासून देतात. "तुम्ही नेता का मी नेऊ?" मी घाईनं म्हणालो, मी नेतो. त्यांच्या बागेतले दोन वेल उपटून पोत्यात घातले. निघताना माझ्या तुकड्यातलाही एक घेतला. तो का घेतला ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मनात धाकधूक होती.

सोमवार होता. तिथं रोपांच्या रोगांचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या, माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी मुळं नळाखाली धुतली, धारदार सुरीनं तिन्ही वेल उभे चिरले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मग खालचा खुंट आडवा कापून मला दाखवला. लाकडाच्या गोलात काळे ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे, रांगेत. एका ठिपक्यातून काळा चिकट थेंब वर आला.

"दिसलं? हा खोडाचा बुरशीचा आजार आहे. लाकडाच्या नळ्यांत बुरशी वाढते, पाणी वर चढेनासं होतं. कोणती बुरशी ते वाढवून बघितल्यावर सांगेन. पण ही बागेत लागलेली दिसत नाही. रोपाबरोबर आलेली आहे, नर्सरीतून."

"रोप तर हिरवंगार होतं, मॅडम."

"असतंच. पहिलं वर्षभर काही दिसत नाही. ताण पडला, ऊन वाढलं की मग वेल बसतो." त्यांनी विचारलं, "खुंटाच्या काड्या कुठून कापता? किती दिवस भिजवता? पाणी कधी बदलता? कात्री कशात बुडवता?"

रानटी वेल माझे होते. सोलापूरकडून मीच एसटीत ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेले. त्यांचे काही हात दोन वर्षं वाळून चालले होते आणि मी वाळलेलं छाटून उरलेल्या काड्या वापरत होतो. टाकी माझी होती. एका पाण्यात मी चार-चार खेपा भिजवायचो. कात्री कशात बुडवतात हे मला ठाऊकच नव्हतं. बायकोनं या कामाला कधी हात लावला नव्हता, कारण मी लावू दिला नव्हता.

मॅडम पुन्हा चिरलेल्या वेलांकडे वळल्या. "गंमत बघा. खालचा आजार तिन्हीत सारखा आहे, पण कलम बांधणारे हात दोन दिसतायत. याचा जोड एका बाजूनं अर्धा उघडाच राहिलाय. आणि ह्या दोघांचा बघा, रेषसुद्धा दिसत नाही. फार सुरेख. यातलं तुमचं कोणतं?"

मी बोट उचललं आणि तिच्या कलमावर ठेवलं.

"वा," मॅडम म्हणाल्या. "आमच्या मुलांना येऊन शिकवा एकदा." त्यांनी माझा नंबर घेतला आणि शनिवारी नर्सरी बघायला येते म्हणाल्या.

सोमवार ते शनिवार मी घरात काही सांगितलं नाही. लातूरला काय म्हणाले, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, तपासून राहिलेत. ती पिशव्या भरत होती. मला तिला सांगता आलं असतं, रोज दहा वेळा. पण कलम तिचं चांगलं होतं हे सांगायचं म्हणजे पुन्हा सगळे तिच्याकडे जाणार, हे माझ्या डोक्यातून हलत नव्हतं.

शनिवारी मॅडम आल्या. बायको चहा घेऊन जाळीखाली आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "तुमच्या मालकांचा हात फार चांगला आहे हो. शिरूर अनंतपाळच्या बागेतलं यांनी बांधलेलं कलम मी मुलांना दाखवलं. असा जोड मी कमी पाहिलाय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "शिरूर अनंतपाळच्या? हाव का?" एवढंच म्हणाली आणि मॅडमना कप दिला.

मॅडमनी रानटी वेलांचे हात कापून पाहिले. त्यांच्यातही तेच काळे ठिपके होते. टाकीत डोकावून त्यांनी विचारलं, पाणी कधी बदलता. मी म्हणालो, "बदलतो अधनंमधनं."

"हंगामाला एकदा," बायको म्हणाली.

त्यांनी सगळं समजावलं. हे वेल मुळासकट काढून जाळायचे. खात्रीच्या ठिकाणाहून काड्या आणायच्या, पन्नास अंशाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, थर्मामीटर लावून. भिजवायचं पाणी दर खेपेला ताजं. कात्री, ब्लेड स्पिरिटनं पुसायचं. यंदाच्या हंगामात बांधलेलं एकही रोप विकायचं नाही. बायको एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होती. मी मान हलवत होतो.

मॅडमची गाडी फाट्याला वळली. बायको कप गोळा करत म्हणाली, "माझं कलम चांगलं होतं हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज कोणता वार?"

तिनं कप खाली ठेवले. "पाच महिने मी पिशव्या भरल्या. रोज झोपताना मला मामाची बाग दिसायली. आणि तुम्ही तिथं जाऊन म्हणता, माझं हाय?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणू नका. का केलं ते सांगा."

मी म्हणालो, "लोक तुला विचारतात. मला बघवत नव्हतं." मग तेही पुरं खरं नाही असं वाटून म्हणालो, "आणि मामाकडं चैत्रात गेलतो, तवाच मला दिसलं होतं, जोड चांगला हाय म्हणून."

हे ऐकून ती खाली बसली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. पिशव्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "उद्या शिरूरला जायचं. तुम्ही बोलायचं. मी नुसती उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी मामांच्या बागेत मी बोललो. कलम तिचं चांगलं होतं, काड्या माझ्या रोगट होत्या, आणि मी खोटं सांगितलं होतं. मामांनी ऐकून घेतलं. तिच्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मी पण तुमच्याबद्दल दोन माणसांत बोललो. मला माफ करा." ती म्हणाली, "चांगल्या काड्या आल्या की तुमची एक एकर आम्ही पुन्हा लावून देऊ, मामा." मामा म्हणाले, "तुम्ही बांधणार असाल तर लावतो." मला हसून ताक द्यायला ते या वेळी विसरले, किंवा विसरले नसतीलही.

रानटी वेल मी स्वतः खोदून काढले. चार दिवस लागले. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. जाळताना ती आली, टिकावानं एक बुंधा आगीत ढकलला आणि म्हणाली, "जळायचं तर खुशाल जळा माझ्यावर. पण मला तसं सांगत जा. अंधारात ठेवू नका." मी हो म्हणालो. त्या हंगामातली माझी पांढऱ्या पट्टीची सगळी रोपंही आम्ही त्याच आगीत टाकली. त्यांत आजार नसेलही, असं एकदा माझ्या तोंडून निघालं. तिनं दोन रोपं कापून मला दाखवली. काळे ठिपके होते.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. नवे वेल आले. काड्यांचं, गरम पाण्याचं आणि टाकीचं काम माझ्याकडे आहे, कलमाचं तिच्याकडे. मीही बांधतो, ब्लेड एकदाच फिरवायला शिकतोय, चाळिशीत हाताला लागलेली सवय लवकर जात नाही. मामांची बाग पुन्हा उभी राहिली आहे. त्यांनी अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला सुरुवात केलेली नाही.

जळणं गेलं का, असं कुणी विचारलं तर गेलं नाही. गेल्या महिन्यात लातूरच्या मॅडमचा मेसेज आला. खरं काय ते बायकोनं त्यांना केव्हाच माझ्या फोनवरून सांगितलं होतं, पण नंबर त्यांच्याकडे माझाच होता. मुलांना शिकवायला चार दिवस वहिनींना पाठवा, राहायची सोय आहे, असा तो मेसेज. मी तो सकाळी नऊला वाचला. विहिरीवरची मोटार चालू केली, बंद केली, थर्मामीटर धुऊन ठेवला, पुन्हा वाचला. दुपारची जेवणं झाल्यावर मी फोन तिच्यापुढे धरला.

तिनं वाचलं, वेळ बघितली. "नऊला आलाय हे."

"हो," मी म्हणालो. "जळत होतो."

ती हसली नाही, रागावलीही नाही. कोणती साडी न्यावी याचा विचार करत आत गेली. मी मागोमाग गेलो आणि माळ्यावरची बॅग काढून दिली.